चार माणसांची गाडी

मोटार एका अंगाला कलली की आमच्या भागात तिचं निदान करायला मेस्त्री लागत नसे. कट्टा या आमच्या गावच्या बाजारात जो भेटेल तो कारण सांगे. कोणी म्हणे टायरातली हवा गेली, कोणी म्हणे ड्रायव्हर जाडा आहे म्हणून गाडी उजवीकडे बसली. एका गृहस्थांनी तर मला बाजूला घेऊन गंभीरपणे सांगितलं होतं की कोणीतरी काहीतरी केलंय, एकदा देवाला कौल लावून बघा. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचो आणि मग गाडीखाली शिरायचो. खाली स्प्रिंग तुटलेली असायची.

मुंबईच्या एका गॅरेजात बरीच वर्षं हात काळे करून मी एकावन्न-बावन्नच्या सुमारास गावी परतलो आणि कट्ट्याला बस थांबते त्याच्या मागे पत्र्याची शेड घातली. पाटीवर मी ‘गॅरेज’ असं लिहून घेतलं होतं. लोक मात्र शेवटपर्यंत ‘मेस्त्रीचो मांगर’च म्हणत राहिले. गुरं बांधायच्या आणि गवत साठवायच्या शेडला आमच्याकडे मांगर म्हणतात, आणि खरं सांगायचं तर पहिल्या पावसाळ्यात शेजाऱ्याची म्हैस दोन वेळा आत येऊन उभी राहिली होती, त्यामुळे मी वाद घातला नाही.

ज्यांनी गाडीत नुसतं बसण्याचं काम केलं आहे त्यांच्यासाठी थोडं धंद्यातलं सांगतो. चाकाने खड्ड्यात जावं पण बसलेल्या माणसाने जाऊ नये, एवढ्यासाठी मधे स्प्रिंग असते. आमच्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांना तेव्हा पाटे असायचे, म्हणजे पोलादाच्या लांब पट्ट्या एकावर एक ठेवून बांधलेल्या. पट्टी तुटली तर मालवणातला लोहारही दुसरी बसवून देई. पण काही परदेशी गाड्यांना मळसूत्रासारखी गुंडाळलेली जाड सळई असते. तिला कॉइल म्हणतात. कॉइलला लोहाराने हात लावायचा नाही. भट्टीत घातली की पोलादाचं पाणी उतरतं, आणि मग ती दिसते स्प्रिंगसारखी पण वागते कुंपणाच्या तारेसारखी.

कॉइल तुटली की दुसरी आणायची. मूळ कंपनीची मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण परदेशातून सुटे भाग येणं जवळजवळ बंद होतं. मग भंगारात दुसऱ्या गाडीची शोधायची. इथे मेस्त्रीची परीक्षा असते. सळई किती जाड, वेढे किती, वेढ्याची रुंदी किती, हे सगळं बघायचं. सळई अर्ध्या सुताने, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाने जाड असली तरी स्प्रिंग दीडपटीहून घट्ट होते. वेढे कमी असले तरी घट्ट होते. गिऱ्हाईक मात्र फक्त उंची बघतं. मालवणातल्या एका वकीलसाहेबांची इंग्लिश गाडी डावीकडे दोन बोटं बसली होती. त्यांनी माझी वाट न बघता उजवीकडच्या स्प्रिंगचा एक वेढा करवतीने कापून टाकला, आणि गाडी खरंच सरळ झाली. कापलेली बाजू इतकी घट्ट झाली होती की कोर्टात पोचेपर्यंत त्यांचा चष्मा दोनदा मांडीवर पडे. मी कारण समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी पुरावा मागितला.

या सगळ्याच्या आधी एक प्रश्न असतो: गाडीवर ओझं किती पडणार? हलक्या ओझ्याला घट्ट स्प्रिंग घातली तर ती दबतच नाही आणि प्रत्येक दगड माणसाच्या कण्याला कळतो. जास्त ओझ्याला मऊ घातली तर गाडी खाली टेकते आणि घाटात खालून घासत जाते. म्हणजे उत्तर गिऱ्हाइकाकडे असतं, आणि माझी अडचण तिथेच होती.

मुंबईत माझ्या उस्तादाने मला वहीत लिहायची सवय लावली होती. गाडी आली की वही उघडायची, पेन्सिल काढायची आणि विचारायचं, माणसं किती, सामान किती, रस्ता कुठला. मुंबईत ते चाललं. इकडे वही उघडली की समोरच्या माणसाच्या पाठीचा कणा ताठ व्हायचा. वही आणि पेन्सिल घेऊन गाडीबद्दल विचारणारा माणूस म्हणजे लायसन्सवाला किंवा पोलीस, एवढंच त्यांना ठाऊक. आत्तापर्यंत ‘मेस्त्रीनू, मागसून घासता’ म्हणणारा माणूस एकदम कचेरीतल्या मराठीत शिरायचा. ‘वाहन पाठीमागील बाजूने घासत आहे’ असं एकाने मला खरोखर सांगितलं आहे. आणि माणसं किती, या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच असायचं: चार. परवान्यावर तेवढीच असायची.

सुरुवातीला मी ते खरं मानलं. जामसंड्याचा बाबी म्हणून एक टॅक्सीवाला होता, बोलायला मोठा गोड. त्याने ‘चार इसम, सामान किरकोळ’ असं सांगितलं आणि मी इमानदारीत चार इसमांच्या हिशेबाने मऊ जोडी घालून दिली. आठवड्याने तो परत आला तो गाडीतून उतरायच्या आधीच बोलत आला. ‘मेस्त्रीनू, गाडी रस्तो चाटता.’ मी बघितलं तर दिवस आंब्याचे होते. आत सात माणसं, टपावर आंब्याच्या पेट्या, आणि डिकीत एक आजी फणसासकट बसलेली. या वेळी मी वही पेटीत टाकली, समोरून चहा मागवला आणि आमच्या भाषेत विचारलं, बाबी, आता खरा सांग, किती माणसां घेतंस? त्याने विचार केला. ‘खरा सांगू? मी कधी मोजूकच नाय.’

त्या दिवसापासून मी शहाणा झालो असं मला वाटलं. वहीत सांगितलेला आकडा हा सरकारी आकडा, हे मी धरून चाललो. वही मिटून, चहा पाजून खरा आकडा काढायचा. नाहीच निघाला तर माझं एक गणित ठरलेलं होतं: सांगितलेल्याची दुप्पट करायची आणि एक मिळवायचा. चारचे नऊ. या गणिताने मला आठ-दहा वर्षं दगा दिला नाही. कणकवलीचे मेस्त्री माझ्याकडे विचारायला यायचे की तुझ्या स्प्रिंगा टिकतात कशा, आणि मी हसून विषय बदलायचो. मला त्याचा अभिमान होता. माणूस तोंड उघडायच्या आधीच त्याचं खोटं आपल्याला कळतं, ही भावना फार गोड असते.

मग जयवंत आला. गोवा मुक्त झाल्याला दोन-तीन वर्षं झाली होती. पणजीच्या कुठल्याशा कुटुंबाने देश सोडताना विकलेली एक जुनी जर्मन गाडी त्याने घेतली होती. गाडीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात गाडीचा काही दोष नव्हता. पुढे पाटा आणि मागे दोन कॉइल, अशी तिची रचना होती. म्हणजे मागच्या सीटवर बसणारा माणूस अगदी कॉइलच्या वरच बसणार. जयवंत तिशीचा, कमी बोलणारा. कट्ट्यापासून दीड मैलावर त्याचं घर. कट्टा ते कणकवली प्रवासी न्यायचे, आणि सकाळी मालवणातून मासळीच्या टोपल्या फोंडाघाटाच्या बाजारात पोचवायच्या, असा त्याचा धंदा.

मला तेव्हा माहीत नव्हतं ते वाचकांना इथेच सांगून टाकतो, कारण लपवून गंमत आणण्यासारखी ही गोष्ट नाही. त्याच्या बायकोला, सुलोचनेला, सातवा महिना होता. आधीची दोन मुलं पाचव्या-सहाव्या महिन्यात पोटातच गेली होती. मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे तिसरं टिकवायचं असेल तर आठवा लागण्याआधी तिला कोल्हापूरला नेऊन ठेवा, तिथे चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत. पण रस्त्यात हादरा बसता कामा नये, आडवी झोपवून, सावकाश न्या. तेवढी लांब मागची सीट आमच्या भागात जयवंताच्या गाडीलाच होती. आणि जयवंताच्या आईने त्याच्याकडून शब्द घेतला होता की मूल हातात येईपर्यंत घराबाहेर अवाक्षर काढायचं नाही. आधीच्या दोन्ही वेळा गावभर सांगितलं आणि दृष्ट लागली, असं त्या माउलीचं म्हणणं. म्हणजे घरातल्यांना, डॉक्टरांना आणि सुईण गोदाकाकीला सोडून ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा मागून उजवीकडे चांगली चार बोटं बसलेली होती. मी खाली शिरलो. उजवी कॉइल खालच्या वेढ्याशी तुटलेली आणि डावी दबून गेलेली. खालच्या वेढ्याशी का तुटली, ते बघताक्षणी कळलं. टोपल्यांतलं मासळीचं खारं पाणी डिकीतून झिरपतं, स्प्रिंगच्या बैठकीत साचतं आणि पोलाद खात बसतं. डिकीच्या फटीत सुकलेले खवले चिकटलेले होते. मी बाहेर आलो, हात पुसले आणि वही उघडली. जयवंत ताठ झाला.

माणसं किती, मी विचारलं. चार, तो म्हणाला. सामान? सामान नाही. मासळी? मासळीची वाहतूक आम्ही बंद केली आहे. अगदी छापील मराठी. मी त्याच्याकडे बघितलं, मग फटीतल्या खवल्यांकडे बघितलं आणि वहीत चार लिहून शेजारी बारीक अक्षरात नऊ लिहिलं. खरं म्हणजे त्याने मासळी त्याच आठवड्यात बंद केली होती, बायको जाणार त्या गाडीला वास नको म्हणून. पण खवल्यांवर तारीख नसते.

मी वही मिटली. तो गेला, फणसाच्या झाडापर्यंत पोचला आणि परत आला. दारात उभा राहून हळू आवाजात म्हणाला,

‘मेस्त्रीनू, खराच सांगतंय. चारच माणसां. गाडी माका मऊ व्हयी.’

वही मिटल्यावर आमच्या भाषेत जे सांगितलं जातं ते खरं, हा माझाच नियम होता. बाबीपासून पुढे मी तोच पाळत आलो होतो. पण त्या वेळेपर्यंत मला नियमाची गरज उरली नव्हती, माझं गणित होतं. मी हसलो. ‘मऊ देतंय रे,’ म्हटलं, ‘काळजी करू नको.’ तो हसला नाही. हे मला नंतर आठवलं.

स्प्रिंगा शोधायला मी कोल्हापूरला गेलो. भंगारवाल्याच्या ओळखीमुळे दोन जोड्या मिळाल्या. एक तशाच मोठ्या परदेशी सलूनची, म्हणजे माणसं बसायच्या बंद मोटारीची, अर्ध्या इंचाच्या सळईची, वेढे भरपूर. दुसरी कुठल्यातरी मालवाहू व्हॅनची. रुंदी तीच, बैठक तीच, उंचीत बोटभर फरक, सळई अर्ध्या सुताने जाड आणि एक वेढा कमी. पोत्यात घालून दोन्ही घेऊन आलो आणि रीतसर तपासल्या. माझी पद्धत साधी होती. जमिनीत रोवलेल्या पाइपावर स्प्रिंग घालायची म्हणजे ती सटकत नाही, वर मधोमध भोक पाडलेली फळी ठेवायची, आणि शेजारच्या दुकानातली मिठाची एकेक मणाची पोती फळीवर दोन्ही बाजूंना जपून चढवायची. प्रत्येक पोत्याला पट्टीने मोजायचं. सलूनची स्प्रिंग एका मणाला जवळजवळ एक इंच दबत होती. व्हॅनची एक इंच दबायला दोन मण लागत होते.

म्हणजे निवड सरळ होती. चार माणसं असतील तर पहिली जोडी, नऊ असतील तर दुसरी. इतकी स्वच्छ निवड धंद्यात क्वचित मिळते. मी वही काढून बघितली, चारकडे बघितलं आणि नऊकडे बघितलं, आणि व्हॅनची जोडी घातली. मऊ जोडी तेल लावून भिंतीवरच्या खुंटीला टांगली, पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल म्हणून.

गाडी न्यायला आला तेव्हा जयवंताने मागच्या मडगार्डवर दोन्ही हात ठेवून जोर दिला. गाडी जेमतेम हलली. त्याने विचारलं, मऊ आसत ना? आता धंद्यातलं एक खोटं कबूल करतो. स्प्रिंग घट्ट लागते असं गिऱ्हाईक म्हणालं की आम्ही सगळे मेस्त्री एकच वाक्य बोलतो. तेच मी बोललो. ‘आता नवीन आसत. बसल्यो काय मऊ होतल्यो.’ त्या नवीन नव्हत्या, आणि चांगल्या पोलादाची स्प्रिंग कितीही वापरली तरी मऊ होत नाही. ती एकतर खाली बसते, नाहीतर तुटते. जयवंताने मान हलवली आणि माझ्यावर विश्वास ठेवून गाडी घेऊन गेला.

चौथ्या दिवशी पहाटे ते निघाले. गाडीत जयवंत, त्याची आई, गोदाकाकी आणि मागे आडवी सुलोचना. चार माणसं. पाऊस संपून दोन महिने झाले होते, पण रस्ता अजून दुरुस्त झालेला नव्हता. तांबडा रस्ता, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या कडक होऊन बसलेल्या.

मला हे सगळं पुढच्या बाजाराच्या दिवशी कळलं. गोदाकाकी आमच्या नात्यातली नव्हे, पण माझी दोन्ही मुलं तिच्याच हातावर झालेली, त्यामुळे बाजाराला आली की माझ्या दारात बाकड्यावर टेकायची. त्या दिवशी टेकली ती पिशवी मांडीवर तशीच धरून. मी विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. फोंडाघाटापर्यंत सुलोचना दात आवळून पडून राहिली होती. घाटाच्या अर्ध्यावर पोटात कळा सुरू झाल्या. घाट चढून गेल्यावर झाडाखाली गाडी थांबवावी लागली आणि तिथेच तिची सुटका झाली. मुलगी होती. रडली नाही.

‘काय ती गाडी रे बाबा,’ गोदाकाकी म्हणाली. ‘मागच्या सीटार तिचा डोक्या मांडयेर घेवन बसलंय, तर माझीच हाडां खिळखिळी झाली. त्या पोरीचा काय झाला आसतला, ता तिकाच ठावक.’

भिंतीवर, तिच्या डोक्याच्या मागे, मऊ जोडी टांगलेली होती. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं, आणि मला तिला सांगायचा धीर झाला नाही.

मालवणला जाऊन मी त्या डॉक्टरांना भेटलो. सगळं खरं सांगितलं, वहीतल्या चार-नऊसकट. डॉक्टर सज्जन होते. ते म्हणाले की असं हादऱ्यानेच होतं असं नाही, तिची प्रकृतीच तशी आहे, घरी खाटेवर असती तरी कदाचित हेच झालं असतं. मी विचारलं, आणि कदाचित झालं नसतं? ते म्हणाले, तेही सांगता येत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर एवढं खरं बोललो नसतो. त्यांचं बोलणं मी डोक्याने मान्य केलं. बाकी कशाने मला ते आजपर्यंत मान्य करता आलेलं नाही.

त्यानंतर मी गिऱ्हाईक सांगेल तोच आकडा धरला. कितीतरी जण चार सांगून, मऊ स्प्रिंगा घालून घेऊन, दहा माणसं भरून, गाडी घासत घासत परत आले आणि मला शिव्या घालून गेले. माझं नाव थोडं खाली आलं. कणकवलीचे मेस्त्री विचारायला यायचे बंद झाले. मला त्याचं काही वाटलं नाही.

पण जयवंताकडे जायला मला पंधरा दिवस लागले. रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी काम निघायचं, किंवा मी काढायचो. शेवटी एका दुपारी मऊ जोडी पोत्यात घातली आणि खांद्यावर टाकून दीड मैल चालत गेलो. चांगलं वजन होतं. जयवंत अंगणात गाडी धूत होता. पुढच्या सीटवर आणि खाली मासळीच्या रिकाम्या टोपल्या रचलेल्या होत्या. मी पोतं खाली ठेवलं आणि उभ्या उभ्याच बोलून टाकलं, कारण बसलो असतो तर बोललो नसतो.

‘जयवंता, तू चार सांगितलंस. मी नव धरलंय. मऊ जोडी माझ्याकडे होती, ती ठेवन मी घट्ट जोडी घातलंय.’

त्याने फडकं पिळलं आणि काच पुसायला घेतली. एक काच पूर्ण पुसून झाली तेव्हा म्हणाला की त्याला ते वाटेतल्या कसालला पोचेपर्यंतच कळलं होतं. मागे वळावं असं मनात आलं, पण डॉक्टरीणबाईंचा दिवस ठरलेला होता आणि आई म्हणाली की निघालेल्या पावलांनी परत फिरू नये. मग त्याने फडकं बादलीत टाकलं. मला वाटलं आता तो मला बोल लावेल, आणि लावावा असं मला मनापासून वाटत होतं. मी त्यासाठीच आलो होतो.

‘मीच तुमका उघड सांगूक व्हया होता,’ तो म्हणाला. ‘आवशीक शब्द दिलेलो.’

मी म्हटलं की ही जोडी आत्ता घालून देतो, तासाभराचं काम आहे, जॅक तुझ्याकडे असेलच. त्याने पोत्याकडे बघितलंसुद्धा नाही.

‘नको. आता मऊ कोणाक व्हयी? मासळी परत सुरू केलंय. माणसांव नव-धा बसतत. ह्योच बऱ्यो आसत, मेस्त्रीनू.’

तेवढ्यात सुलोचना चहा घेऊन बाहेर आली. मी तिला आधी एक-दोनदाच पाहिलं होतं. ती वाळली होती, पण पदर खोचलेला होता आणि कामाला लागलेली दिसत होती. तिने कप माझ्या हातात दिला, मुलांची चौकशी केली आणि पायाशी पडलेल्या पोत्याकडे बघून विचारलं की यात काय आहे. मी तोंड उघडलं. माझ्या आधी जयवंत बोलला.

‘भंगार आसा.’

तेव्हा मला कळलं की त्याने तिला काहीच सांगितलेलं नाही, आणि पुढेही सांगणार नाही. पोतं खांद्यावर घ्यायला मी वाकलो तर ती नवऱ्याला म्हणाली, ‘इतक्या जड घेवन त्यांका चलत कित्याक धाडतास? गाडयेन सोडा त्यांका.’

मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. तिने ऐकलं नाही, स्वतः पुढे होऊन मागचं दार उघडलं, कारण पुढे टोपल्या होत्या, आणि ओल्या सीटवरून हात फिरवून माझ्यासाठी जागा कोरडी केली. मी पोतं मांडीवर घेऊन तिथे बसलो. जयवंताने गाडी अगदी सावकाश चालवली, खड्डे चुकवत, बैलगाडीच्या वेगाने. दीड मैलात एकही दगड असा गेला नाही की जो मला लागला नाही.